बाजारातील माणसाचे नाव

पूर्वेच्या ओढीने हिंदुस्थानात आलेल्या युरोपीय चित्रकारांनी आमच्या बाजारांची जलरंगचित्रे विपुल काढली. माळीण, भिस्ती, कासार, वडाखाली तागडी धरून बसलेला वाणी. पागोट्याचा फिकट लाल आणि मातीच्या भिंतीवर उतरलेले दुपारचे ऊन. ही चित्रे सुंदर आहेत. विरुद्ध पक्षाला सोयीची कबुली आपण होऊन द्यावी, हे वकिलीत बसत नाही; तरी ती देतो.

न्यायालयात साक्षीदार उभा राहिला की प्रथम त्याचे नाव, वय, धंदा, वस्ती विचारतात. या चित्रांत चारांपैकी बहुधा धंदाच तेवढा उरतो. ज्याला नाव नाही त्याला हरकत कशी घेता येणार? बाजारात तर दोघे समोरासमोर असतात. गिऱ्हाईक भाव पाडते, विकणारा नकार देऊ शकतो. चित्रकार मात्र देणेघेणे न करता पाहतो आणि चित्र घेऊन जातो. हे पाहणे निर्दोष म्हणावे काय?

आमच्या भागाला परिचित असलेले मेडोज टेलर १८४१ पासून १८५३ पर्यंत सुरपुरास होते. त्यांना चित्रकलेचाही नाद होता. तुळजापूरच्या मुलीवर १८६३ साली त्यांनी कादंबरी लिहिली आणि तिला ‘तारा’ हे नाव दिले. कादंबरीकाराला नावावाचून नायिका उभी करता येत नाही. चित्रकाराला ती अडचण नाही.

दोष परक्या डोळ्याचा, असे म्हणून मोकळे होता येईल असे वाटत होईल. पण कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर आमचेच. ऑटो रॉथफील्ड यांच्या १९२० च्या सुमारास निघालेल्या हिंदी स्त्रियांवरील पुस्तकासाठी त्यांनी रंगीत चित्रे काढली. रेखाटन प्रेमळ, नऊवारीची चूण चूण अचूक. तरी तेथेही बाई ओळखली जाते ती जातीने, प्रांताने, धंद्याने. आणि देवळाच्या वाटेवर ज्या बाईकडून आपण वर्षानुवर्षे फुले घेतो, ती आपल्या तोंडी तरी ‘फूलवाली’खेरीज कोण असते?

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणात बाराव्या शतकात निराळे घडले होते. मडिवाळ माचय्या परीट, अंबिगर चौडय्या नावाडी, नुलिय चंदय्या दोर वळणारा, मेदार केतय्या बुरूड. धंदा नावालाच जोडलेला आहे, लपविलेला नाही. पण नाव आहे, आणि त्या नावावर वचनेही आहेत. बाजारातील माणूस तेथे स्वतः बोलतो. त्याच्या पागोट्याचा रंग आपणांस ठाऊक नाही, हे खरे. ती उणीव मला सोसते.

यावर कोणी म्हणेल, चित्र म्हणजे खानेसुमारी नव्हे. घाईच्या हाताने नावे कोठवर टिपावी? हा बचाव ऐकण्याजोगा आहे, पण टिकत नाही. १७९२ साली जेम्स वेल्सने पुणे दरबाराचे तैलचित्र काढले. हे काम सावकाशीचे, ऐटीचे. त्याच्या शीर्षकात सवाई माधवराव आहेत, नाना फडणीस आहेत. आणि मागे उभे असलेले ‘सेवक’ आहेत.