जामीन राहावे काय?

खेड्यातील एखाद्या बंधूस पोलिसांनी धरून नेले की त्याची बायको रडत पाळकाच्या दारी येते. त्याचा जामीन कोण राहील, हा प्रश्न मंडळीपुढे पडतो. तेव्हा कोणी म्हणतो, "शास्त्रच मना करते." नीतिसूत्रांत तसा इशारा आहे खरा, परंतु तो दुसऱ्याच्या कर्जासाठी उतावळेपणाने वचनात गुंतणाऱ्यास आहे. त्याच शास्त्रात यहूदा बन्यामिनासाठी बापाजवळ जामीन राहिला, आणि थेस्सलनीकात पौल व सीला यांस आश्रय दिल्यामुळे यासोनास जामीन द्यावा लागला, हेही आम्ही वाचतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, आरोप म्हणजे अपराध नव्हे. तसेच जामीन म्हणजे क्षमा नव्हे, निर्दोषपणाचा दाखलाही नव्हे. आरोपी तारखेस कोर्टापुढे उभा राहील, एवढीच ती हमी. तो पळून जाईल किंवा साक्षीदारांस धमकावील अशी खरी भीती असल्यास न्यायाधीशाने जामीन नाकारणे योग्यच होय. कारण ज्याचे नुकसान झाले तोही आमचा शेजारी आहे. पण अशी भीती नसता केवळ दारिद्र्यामुळे मनुष्य कोंडून राहिला, तर तो न्याय कसा?

मध्य प्रदेशातील एका गवंड्यास 10,000 रुपयांचा जामीन मागितला गेला. भाऊ जामीन राहण्यास तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यास 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडविले. पुढच्याच वर्षी उघडकीस आले की, बिहारच्या तुरुंगांत कित्येक कैदी, दोषी ठरते तर जितकी शिक्षा होती, तिच्याहून अधिक काळ खटल्याविना पडून होते. लाचेच्या आशेने पौलास दोन वर्षे बंदीत ठेवणारा फेलिक्स आम्हांस आठवतो. येथे लाच मागणारा कोणी नसला, तरी पैशावाचून दार उघडत नाही, हे दुःख तेच.

आता कायद्याने थोडी वाट केली आहे. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याच्या आत जामीन देता आला नाही, तर त्या मनुष्यास निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावयाचे असते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या संहितेप्रमाणे, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कैदेत काढल्यावर त्यास सोडण्याची तरतूद आहे. मात्र फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांस आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यास ती लागू नाही. कैदेत असलेल्यास विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळतो. उपदेशकांनी ही माहिती घरोघर सांगावी.

तरी कायदा कोणाचा हात धरून कोर्टात नेत नाही. म्हणून आमचे मत असे: ज्यास आपण ओळखतो, त्याचा जामीन राहावे, पण आधी खर्चाचा हिशेब करावा. तो पळाला तर रक्कम आपणांस भरावी लागेल. खोटी मालमत्ता दाखवू नये, जामीन राहण्याचे पैसे घेऊ नयेत, आणि प्रत्येक तारखेस त्याच्याबरोबर जावे. तो दोषी ठरला तर शिक्षा भोगील. आमचे वचन तेवढे खरे ठरले पाहिजे.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्तास अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. आम्ही दोषी असता तो आमच्यासाठी उभा राहिला. मग ज्याचा दोष अद्याप ठरलाच नाही, त्या बंधूच्या बायकोस आम्ही दारातून परत कसे पाठवावे?