किल्ली आणि विश्वास

दुकान उघडायची वेळ झाली आहे. मालक नोकराच्या हाती किल्ली देतात आणि कुलूप निघेपर्यंत मागे उभे राहून बघत राहतात. किल्ली दिली, विश्वास दिला नाही.

1910 साली उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना उभारला. तीच किर्लोस्करवाडी. तिथे रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांनी कोणाला नेमले? तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना! ज्यांच्यापासून लोक चार हात लांब राहत, त्यांच्यावरच राखण सोपवली. आधी विश्वास दिला.

आपण काय करतो? काम सोपवतो आणि तासाभरात विचारतो, "झालं का?" पुन्हा फोन, पुन्हा चौकशी. मग समोरचा माणूस स्वतः विचार करणेच थांबवतो. प्रत्येक गोष्ट आपल्या होकारासाठी अडून राहते. दिवस मावळतो, कामे तशीच.

विश्वास देणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. काय हवे, कधी हवे, अडले तर कोणाला विचारायचे, हे आधी शांतपणे सांगावे. मग बाजूला व्हावे. चुकलेच, तर चारचौघांत बोलू नये. अवघड आहे हे. आपण केले असते तर अधिक चांगले झाले असते, असे वाटत राहते. कधीकधी ते खरेही असते. तरीही विश्वास द्यावा, कारण माणूस करूनच शिकतो.

आज एक काम निवडा. सहकाऱ्याला नीट समजावून द्या. आणि संध्याकाळपर्यंत त्याला फोन करू नका.