पाप खरे, पण वैध

एखादे कृत्य पाप आहे असे म्हणावे आणि त्याच दमात ते वैधही आहे असे म्हणावे, हे शक्य आहे काय? प्रथमदर्शनी हा प्रश्न तार्किकांच्या करमणुकीचा वाटेल. परंतु २०१७ सालच्या मे महिन्यात तो सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे एका स्त्रीच्या मोडलेल्या संसाराचा प्रश्न म्हणून उभा होता. शायरा बानो यांना त्यांच्या पतीने लेखी तलाकनामा देऊन एकाच वेळी तीन तलाक दिले होते. अखिल भारतीय मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळाची भूमिका अशी होती की, असा तलाक देणे गर्ह्य आहे, धर्मदृष्ट्या पाप आहे. तथापि तो दिला गेला तर विवाह संपतो. पाप पुरुषाच्या खात्यावर जमा होते आणि घराबाहेर मात्र बाई पडते.

या भूमिकेला हसून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही मुसलमान नाही, त्यामुळे तर ते अधिकच सोपे. परंतु ज्या मताला सुन्नी पंथाच्या चारही प्रमुख शाखांतील बहुसंख्य धर्मशास्त्र्यांनी हजारांहून अधिक वर्षे मान्यता दिली, ते निव्वळ निष्काळजीपणाने टिकले असेल असे मानणे हा आपल्याच आळसाचा पुरावा ठरेल. या एका मताच्या पोटात इस्लाममधील सर्वांत जुना वाद दडलेला आहे. ग्रंथ, ग्रंथानंतरची परंपरा आणि त्या दोहोंचा अर्थ सांगणारा माणूस या तिघांपैकी अखेरचा शब्द कोणाचा, हाच तो वाद होय.

प्रथम ग्रंथ पाहू. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत तलाकाचा जो क्रम सांगितला आहे तो घाईचा नाही. तलाक दोनदा, नंतर एक तर सन्मानाने पत्नीला ठेवून घ्यावे, नाही तर सौजन्याने निरोप द्यावा. स्त्रीने तीन ऋतुकाळ थांबावयाचे, आणि त्या अवधीत समेटाला वाव. चौथ्या सूरेत दोन्ही कुळांतून एकेक मध्यस्थ नेमण्याची सूचना आहे, आणि पासष्टाव्या सूरेत अवधी मोजण्याची व साक्षीदार ठेवण्याची. या साऱ्या रचनेचा हेतू रागाला थंड होण्यास सवड मिळावी हाच आहे, हे अरबी न जाणणाऱ्यालाही कळेल. एका दमात तीनदा उच्चारलेला शब्द या रचनेत बसवायचा तरी कोठे?

आता परंपरेकडे वळू. हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती, कृती व संमती यांविषयीच्या कथनांचा संग्रह. इमाम मुस्लिम (मृत्यू इ. स. ८७५) यांच्या ‘सहीह’मध्ये इब्न अब्बास यांच्या नावे एक कथन आहे. त्याचा आशय असा की, पैगंबरांच्या काळी, खलिफा अबू बक्र यांच्या काळी आणि खलिफा उमर यांच्या कारकीर्दीच्या पहिल्या दोन वर्षांत तीन तलाक हा एकच गणला जाई. पुढे उमर यांनी पाहिले की, ज्या बाबतीत लोकांना विचारास सवड दिलेली आहे तीतच ते उतावीळ होऊ लागले आहेत. तेव्हा त्यांनी तीन म्हटले की तीन, असे ठरवून टाकले.

या लहानशा कथनापाशी आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. उमर यांनी जे केले त्यात क्रौर्य नव्हते. दंडकाचा धाक होता. शब्द हलकेपणाने उच्चारणाऱ्या पुरुषाला त्या शब्दाचे ओझे खरोखरच वाहावयास लावावे, म्हणजे तो पुन्हा उच्चारताना विचार करील, हा त्यामागील हिशेब. राज्यकर्त्याने आपल्या काळासाठी, आपल्या जबाबदारीवर घेतलेला तो निर्णय होता. पण काळ गेला, राज्यकर्ता गेला आणि निर्णय मात्र राहिला. त्याला पुढे ‘इज्मा’ म्हणजे विद्वानांचे एकमत असे नाव मिळाले, आणि एकदा एकमत झाले की ते मुळात कोणा एकाचे मत होते हे विसरणे सोयीचे असते. ज्या शिक्षेचा रोख पुरुषावर होता ती शतकानुशतके भोगली मात्र स्त्रीने.

अर्थात शास्त्रीमंडळींनी वरील कथन वाचले नव्हते असे नाही. त्यांनी त्याची उत्तरे दिली. कोणी म्हणाले, हे सहवासापूर्वीच्या तलाकाबद्दल आहे. कोणी म्हणाले, पूर्वी लोक जोर देण्यासाठी एकच शब्द तीनदा म्हणत, त्याबद्दल आहे. इब्न अब्बास यांनी स्वतःच पुढे विरुद्ध निवाडे दिले होते, असेही काहींनी दाखविले. रुकाना नावाच्या गृहस्थाची गोष्ट तर दोन रूपांत मिळते. एकीत तो एकाच बैठकीत तीन तलाक देऊन पस्तावतो आणि पैगंबर त्यांना एकच मानतात. दुसरीत तो तीन न म्हणता ‘कायमचा’ अशा अर्थाचा एक संदिग्ध शब्द उच्चारतो आणि आपला हेतू एकाचाच होता असे शपथेवर सांगतो. दोन्ही रूपांना कथनकर्त्यांची साखळी आहे. कोणते खरे मानाल त्यावर एका घराचे भवितव्य अवलंबून!

या साखळीला ‘इस्नाद’ म्हणतात, आणि तिच्या परीक्षेचे जे शास्त्र मुसलमान विद्वानांनी उभारले त्याची थोरवी मान्य केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. अमुकाने तमुकाकडून ऐकले. पण ते दोघे एकमेकांना भेटले होते काय? सांगणाऱ्याची स्मृती कशी होती, तो सचोटीचा होता काय, म्हातारपणी त्याचा गोंधळ होत असे काय? आम्ही ज्या हैदराबादेत राहतो तेथील ‘दाइरतुल् मआरिफ’ या १८८८ साली स्थापन झालेल्या संस्थेने इब्न हजर यांचा कथनकर्त्यांविषयीचा चरित्रकोश विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बारा खंडांत छापला. बारा खंड, आणि त्यांत केवळ माणसे. ती विश्वासार्ह होती की नव्हती एवढ्यासाठी! स्मृतींची आणि पुराणांची एवढी कठोर उलटतपासणी आपल्याकडे कधी झाली नाही, हे आम्ही काहीशा संकोचाने नमूद करतो.

तरीही संशय उरतोच. पैगंबरांचे निधन ६३२ साली झाले आणि इमाम बुखारी यांचा जन्म ८१० चा. मधल्या काळात राज्ये उलथली, गट पडले, आणि प्रत्येक गटाला पैगंबरांच्या मुखातील आधार हवा होता. गोल्डझिहर यांनी १८९० मध्ये आणि शाख्त यांनी १९५० मध्ये असे प्रतिपादले की, अनेक हदीस पुढील काळातील वादांची प्रतिबिंबे आहेत. त्यास एक उत्तर हैदराबादच्याच डॉ. मुहंमद हमीदुल्लाह यांनी दिले. पैगंबरांचे सोबती अबू हुरैरा यांचा शिष्य हम्माम याची १३८ हदीसांची वही बर्लिन आणि दमास्कस येथील हस्तलिखितांवरून त्यांनी १९५३ च्या सुमारास प्रसिद्ध केली आणि लेखी परंपरा किती मागे जाते ते दाखविले. वाद मिटला नाही, पण तो अधिक सावध झाला.

आता, हे सारे जंजाळ बाजूला सारून केवळ कुराणच का धरू नये? हा प्रश्न आजचा नव्हे. इमाम शाफिई (मृत्यू ८२०) यांच्या लेखनात सर्वच कथने नाकारणाऱ्या एका प्रतिपक्ष्याशी झालेला त्यांचा संवाद आहे. शाफिईंचा युक्तिवाद असा की, पैगंबरांची आज्ञा पाळा असे कुराणच सांगते; मग ती आज्ञा कळावयाची कशी? एकोणिसाव्या शतकात सर सय्यद अहमद यांनी हदीसांविषयी शंका काढल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लाहोरास अब्दुल्लाह चकडालवी यांनी तर ‘अहले कुराण’ हा पंथच उभा केला. त्यांच्याविषयी आम्हांस आदर वाटतो. ग्रंथावर इतका निखळ विश्वास ठेवणे हे धैर्याचे काम आहे. परंतु त्यांची अडचण पहिल्याच पायरीवर उभी राहिली. नमाज पढा असे कुराण वारंवार सांगते. किती वेळा आणि प्रत्येक वेळी किती रकाती, याचा तपशील त्यात नाही. या मंडळींत कोणी पाच नमाज काढले, कोणी तीन. हदीस बाहेर घालविली, पण मतभेद घरातच राहिला.

आणि गंमत अशी की, तीन तलाकांचा एकच गणला जाई याचा सर्वांत बोलका पुरावा हदीसमध्येच आहे. हदीस टाकून दिली, तर परंपरा एके काळी निराळी होती याची साक्षही गेली. इब्न तैमिय्या यांनी चौदाव्या शतकात या प्रश्नावर चारही शाखांच्या प्रस्थापित मताविरुद्ध जाताना ग्रंथ व हदीस या दोहोंचाच आधार घेतला; तलाकविषयक मतांपायी १३२० साली त्यांना कैदही झाली. आपल्या देशातील अहले हदीस पंथ हदीसला सर्वाधिक चिकटून राहणारा, आणि तोच तीन तलाकांचा एक मानतो. सुधारणा म्हणजे परंपरेपासून दूर जाणे, हे आपले नागरी समीकरण येथे उलटे पडते.

याहून जुनी एक आठवण येथे सांगावीशी वाटते. ६५७ साली सिफ्फीनच्या रणांगणावर अली आणि मुआविया यांच्या सैन्यांत कुराणाला प्रमाण मानून लवाद नेमण्याचे ठरले. अलींच्याच सैन्यातील काहींनी, निवाडा फक्त ईश्वराचा, असे म्हणत त्यांची साथ सोडली. अलींच्या नावे त्या प्रसंगीचे जे उत्तर सांगतात त्याचा भाव असा की, ग्रंथ दोन पुठ्ठ्यांमध्ये असतो, तो स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने माणसे बोलतात. शियांनी पुढे ते बोलण्याचा अधिकार इमामांकडे दिला, सुन्नींनी तो विद्वानांच्या समूहाकडे ठेवला. पण अधिकार कोणाकडे तरी द्यावा लागला, तो पुठ्ठ्यांमध्ये ठेवता आला नाही.

आपल्या मीमांसकांना हा पेच परका वाटला नसता. श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला तर स्मृती त्याज्य, असे जैमिनींनी सांगितले. पण विरोध नसेल तर स्मृतीच्या मागे एखादी लुप्त झालेली श्रुती असावी असे अनुमान करण्यास मोकळीकही दिली. इस्लाममध्ये याचे चमत्कारिक साम्य व्यभिचाराच्या दंडाबाबत आढळते. कुराणात शंभर फटक्यांची शिक्षा आहे. दगडांनी ठार मारण्याची नाही. ती हदीसमध्ये आहे, आणि तिचे वचन पूर्वी पठणात होते असे सांगणारे उमर यांचे कथनही आहे. लुप्त श्रुतीच म्हणा ना! १९८१ साली पाकिस्तानच्या संघीय शरियत न्यायालयाने, ही शिक्षा कुराणात नाही, म्हणून ती इस्लामी नाही, असा निर्णय बहुमताने दिला. जनरल झिया यांच्या राजवटीने न्यायालयाची रचना बदलली, आणि १९८२ साली नव्या पीठाने तो निर्णय फिरविला. या वर्षभरात ग्रंथ बदलला नव्हता, हदीसही बदलली नव्हती.

म्हणूनच आम्हांस वाटते की, खरा नैतिक प्रश्न प्रमाण कोणते हा तितकासा नाही. अर्थ लावणारा माणूस आपण अर्थ लावला हे कबूल करतो की नाही, येथे खरी मेख आहे. उमर यांनी ते लपविले नाही. आपल्या काळाचे कारण सांगून त्यांनी नियम केला. त्यांच्या नावावर तो नियम चालविणाऱ्यांनी मात्र, आम्ही काय करणार, शास्त्रच असे आहे, असे म्हटले. ‘पाप खरे, पण वैध’ या वाक्यात बोलणारा कोणीच नाही. पाप पतीचे, वैधता शास्त्राची, आणि वाक्य उच्चारणारा दोहोंतून मुक्त. इजिप्तने १९२९ च्या कायद्याने एकदम दिलेले तीन तलाक एकच धरले आणि पाकिस्तानने १९६१ च्या वटहुकुमाने नव्वद दिवसांचा अवधी व लवाद घालून दिला, तेव्हा निदान कोणीतरी सही करून जबाबदारी घेतली.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्हांस पूर्णपणे परतविता येत नाही. अर्थ लावणे हा मानवी निर्णय आहे असे उघड म्हटले की श्रद्धेच्या आज्ञेचे बळच जाते. मी मान तुकवितो ती ईश्वरापुढे. उमर, शाफिई किंवा न्यायमूर्ती यांच्यापुढे नव्हे, असे भाविक म्हणेल. त्याचे म्हणणे खोटे नाही. २०१७ च्या ऑगस्टात तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला तेव्हा ही अडचण न्यायासनावरच दिसून आली. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी कुराण वाचून सांगितले की, या तलाकात समेटाचे दार बंद होते, म्हणून तो कुराणाविरुद्ध आणि त्यामुळे शरियतविरुद्धही आहे. न्यायमूर्ती नरिमन व लळित यांनी ग्रंथाच्या वाटेस न जाता संविधानातील समतेच्या कलमावर भर दिला. सरन्यायाधीश खेहर व न्यायमूर्ती नझीर यांनी हा श्रद्धेचा प्रांत मानला. एका निष्ठावान ख्रिस्ती न्यायमूर्तीने कुराणाचा अर्थ लावावा आणि त्यावर कोट्यवधी मुसलमानांच्या विवाहांचा कायदा ठरण्यास हातभार लागावा, हे आम्हांस एकाच वेळी अभिमानाचे आणि अवघड वाटते. पुढे २०१९ च्या कायद्याने असा तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. पुरुषाला धाक घालण्याचा उमर यांचा हेतू तेरा शतकांनी पुन्हा अवतरला; पती तुरुंगात असताना पत्नीचा निर्वाह कसा चालावा, ही शंका मात्र तेव्हाही अनेकांनी काढली.

माथेरानला जन्मलेले असफ फैजी यांनी १९६३ मधील आपल्या ग्रंथात धर्म आणि कायदा यांची फारकत करावी असे सुचविले होते: श्रद्धा ग्रंथाकडे राहू द्यावी, विवाह व वारसा राज्याच्या हाती द्यावा. हमीद दलवाई यांना तर अर्थ लावण्याच्या खटाटोपातच रस नव्हता. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईस त्यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व रद्द करा आणि सर्वांस एकच नागरी कायदा द्या, एवढेच त्या मागत होत्या. कोणत्या सूरेत काय आहे हा त्यांचा विषय नव्हता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येण्यास त्यानंतर एक्कावन्न वर्षे लागली, आणि तो आला तेव्हा त्यातील निर्णायक तिसरे मत दुसऱ्या सूरेच्या वाचनावर उभे होते.