ओळीवरचं बोट

३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली. आकडा ९९.७२ टक्के. आकड्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते 'झालं एकदाचं' या सुस्काऱ्याशी. १९५९मध्ये साताऱ्याच्या ग्रामशिक्षण मोहिमेत गावोगाव असेच समारंभ झाले होते, आणि शिकलेलं टिकवायचं कसं हा प्रश्न समारंभानंतरच उभा राहिला. 'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा दीडशे गुणांची: वाचन, लेखन, गणित, प्रत्येकी पन्नास. ती पास झालेला माणूसही वास्कोच्या बँकेत कर्जाचा कागद पुढे आला की म्हणतो, "तुम्हीच सांगा, सही कुठे करू?"

अक्षर लावणं वेगळं आणि वाचणं वेगळं, हे माझं जुनं पालुपद. अक्षर लावणाऱ्याची सगळी शक्ती जोडाक्षरं फोडण्यात जाते. 'हप्त्याच्या'पाशी तो अडतो, 'विलंबशुल्क' कसंबसं ओलांडतो, आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यातून निसटलेली असते. अक्कल कमी नसते, सराव कमी असतो. म्हणून मी सगळ्यांना सांगत आलो: रोज पेपर वाचा.

बंदरात आयुष्य काढलेले आमचे शेजारी यावर हसतात. "मोबाइल वाचून दाखवतो रे आता. डोळे कशाला शिणवायचे?" मी म्हटलं, कर्जाच्या कागदात पाचव्या अटीवर आल्यावर दुसरी अट ताडून बघायची झाली तर? डोळा झटकन मागे जातो, कान नाही जात. "मग पुन्हा ऐकायचं," ते म्हणाले आणि चहा मागवला.

हे 'पुन्हा ऐकायचं' काही डोक्यातून जाईना. आमच्या पेडण्याकडे जत्रेतल्या नाटकांत असे नट असायचे, ज्यांना वही धड वाचता येत नसे. कोणीतरी संवाद वाचून दाखवायचं, ते ऐकून पाठ करायचे, आणि प्रयोगाच्या रात्री प्रॉम्प्टर चुकला तर त्यालाच दटावायचे! वास्कोत श्रावणात दामोदर सप्ताहाचं अहोरात्र भजन चालतं. तिथे तोंडपाठ अभंगही वही उघडून म्हणणारे भजनी दिसतात, बोट ओळीवर सरकत असतं. मी याला निव्वळ सवय समजत होतो. पण शब्द आधी कानात बसलेला, मग त्याचं रूप डोळ्यांपुढे, तेही पुन्हा पुन्हा: अडखळत वाचणाऱ्याचा वेग वाढायला याहून वेगळं काय लागतं?

मग माझा पेपरच चुकीचा ठरतो. त्यात रोज नवी नावं, नवे शब्द. नवख्याने तिथून सुरुवात का करावी? पाठ असलेली आरती घ्यावी, ऐकलेली कथा घ्यावी. आणि हो, मोबाइलही घ्यावा. आवाज चालू, बोट ओळीवर, तोच परिच्छेद चारदा, पाचव्यांदा आवाज बंद. शेजाऱ्यांना हे सांगितलं. पहिल्या चार वेळा त्यांना मान्य आहेत, पाचवीवर वाद चालू आहे.

राहता राहिला बँकेचा कागद. तो कोणी गात नाही, कोणाला पाठ नाही. तो सहीच्या वेळी पुढे न सरकवता दोन दिवस आधी घरी न्यायला द्यायला मात्र काहीच हरकत नसावी.