विसाव्याचा बेत

माणसाने काम कसे करावे, याविषयी धर्मग्रंथांनी, नीतिकारांनी आणि आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. विसावा कसा घ्यावा, हे मात्र आपण सहसा कुणाला विचारत नाही. भूक लागल्यावर जेवावे तसा थकल्यावर विसावा घ्यावा, त्यात विचार करण्यासारखे काय आहे, अशी आपली समजूत असते. परंतु आजचा विसावा इतका साधा राहिलेला नाही. त्यासाठी वर्षभर पैसे साठवावे लागतात, महिनोन् महिने आधी विमानाची तिकिटे आणि हॉटेलातील खोली राखून ठेवावी लागते. जिथे एवढे आयोजन आले, तिथे निवड आली; आणि जिथे निवड आली, तिथे नीतीचा प्रश्न आल्यावाचून राहत नाही.

गोव्यातील, तसेच मुंबई-वसईकडील कित्येक ख्रिस्ती कुटुंबे आज इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आहेत. तिथल्या थंडीत आणि पावसात वर्ष काढल्यावर ऊन आणि समुद्र यांची ओढ लागणे स्वाभाविक आहे; समुद्रकाठी जन्मलेल्यांना तर ती अधिकच लागते. मग स्पेनच्या किनाऱ्याचा बेत ठरतो. पण जायचे केव्हा? मुलांच्या शाळांना उन्हाळी सुटी जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत. शाळा चालू असताना परवानगीवाचून मुलांना सहलीला नेले, तर इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२४ पासून प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो आणि तो वेळेत न भरल्यास १६० पौंड. म्हणजे ज्या दिवसांत सर्वाधिक गर्दी, सर्वाधिक ऊन आणि सर्वाधिक भाव, नेमक्या त्याच दिवसांत या कुटुंबांना जावे लागते. गावी म्हातारे आईवडील आहेत, धाकट्या बहिणीचे शिक्षण चालू आहे. अशा वेळी आठ दिवसांच्या समुद्रस्नानावर एवढा खर्च करणे योग्य आहे का, असा प्रश्न एखाद्या विचारी गृहस्थाला किंवा गृहिणीला पडतो. या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर देऊन भागणार नाही.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, विसावा ही चैन नव्हे. तो देवाच्या दहा आज्ञांमध्ये आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीचा कैवार घेतला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स'मध्ये साप्ताहिक सुटीबरोबर वार्षिक रजेचाही हक्क म्हणून उल्लेख केला. फ्रान्समध्ये १९३६ साली कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. इटलीची राज्यघटना तर याही पुढे जाते. तिच्या छत्तिसाव्या कलमानुसार पगारी वार्षिक रजा हा कामगाराचा हक्क आहे आणि तो हक्क त्याला स्वतःलाही सोडून देता येत नाही. यामागील विचार खोल आहे. पैशाच्या गरजेपोटी माणूस आपला विसावाही विकायला निघेल, हे घटनाकारांनी ओळखले होते.

म्हणून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील गर्दीकडे पाहून नाक मुरडण्याची जी रीत सुशिक्षितांमध्ये आहे, ती मला न्याय्य वाटत नाही. बेनिडॉर्मचेच उदाहरण घेऊ. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील हे एके काळी मच्छीमारांचे गाव. टूना माशांची मोठी जाळी लावण्यात येथील माणसे निष्णात समजली जात. १९५० च्या दशकात पेद्रो झारागोझा हे नगराध्यक्ष असताना गावाने पर्यटनाची कास धरली. १९५६ साली नगररचनेचा आराखडा झाला, १९६७ साली जवळच आलिकान्तेचा विमानतळ सुरू झाला आणि उत्तर युरोपातील कामगार कुटुंबे ठरावीक रकमेत प्रवास, खोली आणि जेवण अशी सोय घेऊन येथे येऊ लागली. उंच इमारतींचे ते दाट जंगल पाहून अनेकजण हळहळतात. पण कोळशाच्या खाणीत आणि कापडगिरण्यांत राबलेल्या माणसांना आयुष्यात प्रथमच उबदार समुद्र पाहायला मिळाला, तो अशाच ठिकाणी. पूर्वी हा किनारा केवळ धनिकांना परवडत असे, तेव्हा तो 'रम्य' होता; गरीब आल्यावर तो 'गजबजलेला' झाला! या शब्दबदलात सौंदर्यदृष्टी किती आणि अहंकार किती, हे ज्याचे त्याने तपासावे.

याच बेनिडॉर्मची एक हकिकत प्रसिद्ध आहे. परदेशी स्त्रिया बिकिनी घालून किनाऱ्यावर वावरू लागल्या, तेव्हा त्यांना दंड होऊ लागला. झारागोझांनी या पोशाखाला मुभा दिली. त्यावर आपल्याला धर्मबहिष्काराची धमकी आली. तेव्हा आपण स्कूटरवर बसून माद्रिदला गेलो आणि खुद्द जनरल फ्रँको यांची भेट घेतली, असे ते पुढे सांगत असत. शालीनता हा सद्गुण आहे आणि त्याची चिंता वाहणे हे धर्मगुरूंचे काम आहे, याविषयी वाद नाही. परंतु ही हकिकत ऐकताना मनात येते की, समुद्रकाठच्या सुटीविषयी आपल्याला नैतिक प्रश्न सुचला तो कपड्यांच्या लांबीचा. ज्या खोलीत पाहुणे उतरले, तिची चादर कोण बदलते, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणाच्या प्रवचनात आला.

तो प्रश्न अखेर त्या स्त्रियांनीच विचारला. स्पेनमधील हॉटेलांत खोल्या झाडणाऱ्या स्त्रियांनी 'लास केलीज' नावाची संघटना बांधली. 'साफसफाई करणाऱ्या' अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दांवरून हे नाव त्यांनी स्वतःच घेतले आहे. कंत्राटदारामार्फत होणारी नेमणूक, अपुरे वेतन, एका पाळीत उरकाव्या लागणाऱ्या खोल्यांची संख्या आणि वाकून वाकून कायमची दुखावलेली पाठ ही त्यांची गाऱ्हाणी. मायोर्का, इबिझा आदी बेटांच्या प्रांतिक सरकारने २०२२ साली कायदा करून हॉटेलांत वरखाली करता येणारे पलंग बसवणे बंधनकारक केले, ते याच पाठीसाठी. पाहुण्याच्या दृष्टीने पलंगाची उंची ही किती क्षुल्लक गोष्ट! पण एखादीचे म्हातारपण सुखाचे की दुखण्याचे, हे तिच्यावर ठरते.

आणि हे काही आपल्यापासून दूरचे नाही. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या मोठमोठ्या पर्यटक जहाजांवर खानसामे, वाढपी आणि खोल्या आवरणारे म्हणून गोव्याचे आणि मुंबईकडचे तरुण कैक वर्षे काम करीत आले आहेत. खलाशांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यांना चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती मिळाली पाहिजे. म्हणजे उरलेले १४ तास काम करून घेण्यास नियमाची आडकाठी नाही! एकाच समुद्रावर, एकाच उन्हात, एकाच आडनावाचा एकजण खुर्चीत पहुडलेला असू शकतो आणि दुसरा ट्रे घेऊन उभा.

येथे शब्बाथाची आज्ञा पुन्हा वाचण्यासारखी आहे. 'तू विसावा घे' एवढेच सांगून ती थांबत नाही. तुझा मुलगा आणि मुलगी, तुझा दास आणि दासी, तुझे बैल आणि गाढव, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, अशी नावनिशीवार यादीच तीत दिली आहे. दास-दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, हा त्या आज्ञेचा हेतू म्हणून अनुवादाच्या ग्रंथात स्पष्ट नोंदवला आहे. तेव्हा बायबलच्या दृष्टीने विसावा ही एकट्याने उपभोगायची वस्तूच नव्हे.

याच्या उलट टोकाला लूकच्या शुभवर्तमानातील धनवान मूर्ख आहे. पीक भरघोस आले, कोठारे अपुरी पडू लागली. ती पाडून मोठी बांधावीत आणि मग पुष्कळ वर्षे आरामात खावे-प्यावे, असा त्याने बेत केला. थोडक्यात, त्यानेही सुटीचाच बेत आखला होता. त्याचे चुकले कुठे? बेत आखण्यात नव्हे. दूरदृष्टी हा सद्गुणच आहे. त्या बेतात दुसरे माणूसच नाही, येथे तो चुकला. तो स्वतःशीच बोलतो, स्वतःलाच विचारतो आणि स्वतःलाच उत्तर देतो.

याच दाखल्यावर प्रवचन करताना चौथ्या शतकातील संत बझील यांनी एक मार्मिक उपमा दिली आहे. सर्वांसाठी असलेल्या नाट्यगृहात आधी येऊन जागा पकडणारा आणि मागून येणाऱ्यांना अडवणारा माणूस, तसा हा धनिक. बझील यांच्या डोळ्यांपुढे जणू आजचा किनाराच होता! बेनिडॉर्मच्या लेवान्ते किनाऱ्यावर उन्हाळ्यात भल्या पहाटे येऊन, पाण्यालगतच्या ओळीत छत्री रोवून आणि खुर्च्या मांडून मंडळी न्याहारीला परत जातात. जागा राखलेली, माणूस नाही. स्पेनमधील कित्येक किनारी नगरपालिका अशा खुर्च्या-छत्र्या उचलून नेतात, काही दंडही करतात. समुद्र आणि त्याचा काठ निसर्गतः सर्वांचा आहे, असे सहाव्या शतकात जस्टिनियन सम्राटाच्या कायद्यात नमूद झाले. स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेनेही किनारा ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. हे सारे कायदे असूनही चार हात वाळूसाठी मनुष्य पहाटे उठतो. खोट मोठी नाही. पण लोभाचे बीज किती लहान जागेत रुजते, हे तीत दिसते.

शब्बाथाच्या यादीतील 'वेशीच्या आत राहणारा' यालाही विसरून चालणार नाही, फक्त येथे परके आपण आणि वेस त्याची. बेनिडॉर्मची कायम वस्ती साधारण ७० हजार; ऑगस्टमध्ये तेथे त्याच्या कैक पट माणसे असतात. १९७८ च्या दुष्काळात या शहराला जहाजांनी पाणी आणावे लागले होते. जुलै २०२४ मध्ये बार्सेलोना आणि पाल्मा येथील रहिवासी रस्त्यावर उतरले. पर्यटकांना भाड्याने देण्यात नफा अधिक, म्हणून स्थानिक शिक्षकाला किंवा परिचारिकेला राहायला घर मिळेना, हे त्यांचे दुःख होते. बार्सेलोनाच्या महापौरांनी नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटकांसाठीच्या सदनिकांचे सर्व परवाने बंद करण्याचे जाहीर केले आहे. अर्नाळा, कळंब आणि गोव्याच्या किनाऱ्यांजवळ राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या गावात पाहुण्याने जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे आपण दुसऱ्याच्या गावात वागावे. प्रभूच्या सुवर्णनियमाचा याहून सोपा पाठ कोणता असेल?

यातून व्यवहाराला काय निष्पन्न होते? ज्यांना शाळेचे बंधन नाही, त्यांनी ऑगस्टची वाट धरू नये. निवृत्त जोडपी आणि अविवाहित तरुण यांनी मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा. खर्च वाचतो हे खरे, पण मुख्य कारण ते नव्हे. ज्यांना दुसरा महिनाच नाही, त्यांच्यासाठी ऑगस्ट मोकळा सोडणे ही एक प्रकारची परोपकारबुद्धी आहे. स्पेनच्या सरकारने १९८५ पासून निवृत्त नागरिकांसाठी बिनहंगामी सहलींची योजना चालवली आहे. तिच्यामुळे वृद्धांना स्वस्तात समुद्र मिळतो आणि हिवाळ्यात हॉटेले चालू राहिल्याने तेथील नोकरांची चूल पेटती राहते. हा न्याय आणि शहाणपण यांचा सुंदर मेळ आहे. ज्यांना ऑगस्टमध्येच जाणे भाग आहे, त्यांनी निःशंक मनाने जावे; मात्र खोली राखताना तिच्या भाड्याबरोबर ती आवरणारीचाही विचार करावा. जिथे नोकरवर्ग हॉटेलचा स्वतःचा आहे, ते हॉटेल पाहावे. खोली निघताना शक्य तितकी नीट सोडावी, त्या बाईला नावाने हाक मारावी आणि तिच्यासाठी काही ठेवून यावे. कर्ज काढून सहल करू नये. गावच्या आईवडिलांच्या औषधाचे पैसे आधी बाजूला काढावेत. मग जे उरेल त्यात आठ दिवसांऐवजी पाच दिवस झाले, तरी सुटी ही सुटीच.

आणि एवढे केल्यावर मोकळेपणाने आनंद घ्यावा. संत थॉमस अक्वायनस यांनी एक जुनी गोष्ट नोंदवली आहे. संत योहान शिष्यांबरोबर खेळताना पाहून कुणाला तरी ते खटकले. योहानाने एका धनुर्धाऱ्याला एकामागून एक बाण सोडायला सांगितले आणि विचारले, 'असे अखंड करीत राहशील का?' तो म्हणाला, 'धनुष्य मोडेल.' मनाचेही तसेच आहे, असे योहानाने उत्तर दिले. खेळ आणि विनोद यांना योग्य स्थान न देणारा माणूस दोषी आहे, असेही थॉमस मानतात. सुटीवर गेलेल्या बापाने सतत हिशेबाची वही उघडून बसणे, हेही या न्यायाने एक पापच ठरेल!

शुभवर्तमानात सुटीचा एक प्रसंग आहे. प्रेषित दमून परत आले होते. जेवायलाही सवड नव्हती. प्रभू येशूने त्यांना आपल्याबरोबर निवांत जागी येऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले. ते मचव्यातून निघाले. पण किनाऱ्याला लागून पाहतात तो तिथे आधीच गर्दी! प्रभूने वैताग केला नाही. त्या लोकांचा त्याला कळवळा आला. त्याने त्यांना शिकवले आणि पुढे पाच हजारांना जेवू घातले. आपल्याला प्रभूइतके थोर होता येणार नाही. परंतु ऑगस्टच्या भरगच्च किनाऱ्यावर शेजारच्या छत्रीखाली बसलेले कुटुंबही आपल्यासारखेच वर्षभर राबून, पैसा पैसा जोडून आलेले आहे, एवढे लक्षात ठेवता येईल. आपली खुर्ची हातभर सरकवून त्यांच्या लेकराला सावली देता येईल. १५ ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, दोन किनाऱ्यांच्या मधल्या टेकाडावरील संत याकोब आणि संत आन्ना यांच्या निळ्या घुमटाच्या मंदिरात मिस्सेला जाता येईल. त्या वेदीपुढे पाहुणे आणि त्यांच्या खोल्या आवरणाऱ्या स्त्रिया एकाच बाकावर बसू शकतात. विसाव्याच्या बेतात तेवढा एक तास अवश्य धरावा.