नगर प्रांताच्या लेखणीचे ऋण



निवृत्तिनाथांची पालखी आषाढीस नगरवरून पंढरीस जाते, तेव्हा 'हा जिल्हा संतांचा' असे आम्ही कीर्तनकार सहज बोलून जातो. २०२४ मध्ये या जिल्ह्यास अहिल्यानगर नाव मिळाले. ज्यांचे हे नाव, त्या अहिल्याबाई १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडीत जन्मल्या. त्यांनी काशीविश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले. ते कार्य दगडाचे, डोळ्यांना दिसते. या मातीचे दुसरे दान कागदावरचे आहे, आणि तेच आपण विसरतो.

प्रवरेच्या काठी नेवाशास चला. खांबाला टेकून माउली गीतेचा अर्थ सांगताहेत, सच्चिदानंदबाबा लिहून घेताहेत. माउलींनी त्यांना मरणातून उठविले ही कथा सांगू लागलो की श्रोत्यांचे डोळे मोठे होतात. पण उठून त्यांनी काय केले? अठरा अध्याय, सुमारे नऊ हजार ओव्या लिहिल्या! चमत्कार क्षणाचा, हे काम किती दिवसांचे! ग्रंथ संपताना शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, आणि या लेखकाचे नाव एकाच ओवीत आले आहे. बोलणारा एवढा मोठा, पण लिहिणाराला विसरला नाही.

श्रीगोंद्याचे शेख महंमद जन्माने मुसलमान, त्यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. पारनेर तालुक्यातील पिंपळनेरचे निळोबाराय, तुकोबांची देहाने भेट नाही, तरी त्यांचेच शिष्य. त्यांचे अभंग आपल्या नित्याच्या भजनात आहेत. म्हणून त्यांचे नाव तरी तोंडी येते.

ज्यांचे येत नाही, ते राहुरी तालुक्यातील ताहराबादचे महीपतिबोवा. जन्म १७१५चा, वृत्ती कुळकर्णाची. सांगतात, की पूजेत असता सरकारी शिपाई बोलवायला आला. बोवांनी पूजा पुरी केली, जाऊन काम उरकले, आणि घरी येऊन ठरविले, की यापुढे ही लेखणी संतचरित्राखेरीज कशालाही लावायची नाही. १७६२ मध्ये सत्तावन अध्यायांचा 'भक्तविजय' झाला, १७७४ मध्ये 'भक्तलीलामृत'. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने ही चरित्रे इंग्रजीत नेली. दामाजीपंतांचे कोठार, गोरोबांचा चिखल, जनाबाईचे जाते, उत्तररंगात आम्ही जे सांगतो त्यातले कितीतरी बोवांच्या पोथीतले.

शास्त्राने तीन ऋणे सांगितली, देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. तर्पणात आम्ही वसिष्ठ-विश्वामित्रांची नावे नेमाने घेतो. ज्याच्या ओवीवर आमचे पोट चालते त्याचे नाव घेतो का? खुद्द बोवांनी 'भक्तविजया'च्या आरंभीच सांगून टाकले, की ही चरित्रे आपल्या पदरची नव्हेत, उत्तरेकडे नाभाजींनी आणि माणदेशात उद्धवचिद्घनांनी लिहिली, त्यांचा मेळ घातला आहे. घेतले ते कबूल केले. हा खरा लेखक.

आमचेच सांगतो. राहुरीकडे एका सप्ताहात दामाजीपंतांचे आख्यान लावले होते. कीर्तन चांगले रंगले, असे आम्हांस वाटले. बुक्का लावून घेताना एक वृद्ध माळकरी म्हणाले, "बुवा, हे कुठं लिहिलंय हो?" आम्ही ऐटीत म्हणालो, "पुराणात." पाठशाळेत बारा वर्षे काढलेल्या माणसाचे हे उत्तर! म्हातारबुवा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "आमच्या ताहराबादला लिहिलंय. सकाळी येता का? चालत जाऊ."

रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे त्यांच्या मागोमाग निघालो. वाटेत ते 'भक्तविजया'च्या ओव्या म्हणत होते, एकही शब्द न अडखळता, आणि आमची दोन ठिकाणची चूक त्यांनी हळूच दुरुस्त केली. देवस्थानात पोचल्यावर त्यांनी आमच्या हाती टाळ दिले आणि म्हणाले, "आता म्हणा, बुवा. नाव घेऊन म्हणा."