दोष कोणाचा?

घोटावड्यातील एका घरी आम्ही गेलो, तेव्हा सहा वर्षांचा मुलगा दाराआड उभा होता. चड्डी पुन्हा खराब झाली म्हणून शाळेतून त्याला घरी धाडले होते. "फादर, तुम्हीच समजवा याला. मुद्दाम करतो," आई म्हणाली. आणि सेमिनरीत नीतिशास्त्राची परीक्षा दिलेले आम्ही त्या बालकाला निश्चयाचे महत्त्व सांगू लागलो! त्याचे गुदद्वार जन्मतः बंद होते व शस्त्रक्रियेने ते उघडले होते, हे आम्हांस मागाहून समजले.

सुमारे 5000 जन्मांमागे एका बालकात हा दोष आढळतो. डॉ. आल्बेर्तो पेन्या यांनी 1980 साली मेक्सिकोत नव्या पद्धतीची शस्त्रक्रिया केली. माकडहाडाच्या बाजूने बरोबर मध्यरेषेत छेद घेतल्यामुळे स्नायू डोळ्यांना दिसू लागले, आणि असंख्य मुलांचा मार्ग मोकळा झाला. मात्र मार्ग मिळाला म्हणजे ताबा मिळाला, असे नाही. कण्याच्या तळाच्या हाडातून निघणारे बारीक मज्जातंतू मलमूत्राची जाणीव व आवर सांभाळतात. ते जन्मतःच अपुरे असतील, तर शल्यविशारद ते नव्याने घडवू शकत नाही.

हे तंतू आता एमआरआयने पाहण्याचा प्रयत्न होत आहे. पॅरिसच्या नेकेर बालरुग्णालयात डॉ. सबीन सार्नाकी व त्यांचे सहकारी या कामात अग्रेसर आहेत. पाण्याचे रेणू तंतूच्या आडवे कमी व लांबीच्या दिशेने अधिक सरकतात. ती दिशा मोजून संगणक रंगीत रेषा काढतो. क्ष-किरण नाहीत, सुरी नाही. मूल मात्र स्तब्ध पडून राहिले पाहिजे, त्यासाठी लहानग्यांना बहुधा गुंगी द्यावी लागते.

परंतु रेषा म्हणजे तंतू नव्हे. तो हिशेबाने काढलेला अंदाज आहे. मूल हलले, तंतू फारच बारीक असला, तर रेषा तुटते. तुटलेली रेषा पाहून पालकांनी आशा सोडावी काय? उलट रेषा अखंड दिसली, तर "तंतू शाबूत आहेत, म्हणजे हा आळशीच," असे म्हणून मुलाला अधिकच मार बसेल, ही भीती आम्हांस जास्त वाटते. चित्र पाहून आपण मुलाला निर्दोष ठरवणार असू, तर चित्र नसताना तो दोषी होता काय? आमची दया पुराव्याची वाट पाहत होती, हे कबूल करणे जड जाते.

"जमीन विकून असे चित्र काढावे का?" वडिलांनी विचारले. मुळशीत हा प्रश्न नुसता बोलण्यापुरता नसतो. पोप पायस बारावे यांनी 1957 साली भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितले होते की, सामान्यतः मनुष्य साधारण उपायांनाच बांधलेला असतो. आम्ही म्हणालो, विकू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज ठरलेल्या वेळी एनिमा देऊन आतडे स्वच्छ केले, तर तंतू दुबळे असूनही पुष्कळ मुले दिवसभर स्वच्छ राहू शकतात. ही गोष्ट त्या माउलीला कोणी नीट समजावलीच नव्हती. उपदेश करणारे मात्र आम्ही धरून बरेच होतो.

काही महिन्यांनी पुन्हा गेलो, ते मुलाची क्षमा मागायचे ठरवून. तो अंगणात क्रिकेट खेळत होता. आम्ही घसा खाकरून सुरुवात करणार, तोच तो ओरडला, "फादर, बाजूला व्हा ना, स्टंप झाकले तुम्ही!"

आम्ही बाजूला झालो.